हेब्बाळचा रस्ता : ‘रहिवासी’ म्हणजे नेमकं कोण?

(संविधान दिनानिमित्त नोव्हेंबर २०२५ मध्ये हेब्बाळ, बंगळुरू इथं मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं लिखित रूप.)



संविधान दिनाला रस्त्यावर काय बोलणार, असं आयोजकांपैकी दोघांनी मला विचारलं. मूलभूत हक्कांवर बोला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मूलभूत हक्कांवरच बोलणार आहे. संविधानाचं कलम १५ घरी गेल्यावर काढून बघा. त्याच्या दुसऱ्या उपकलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारावर कुणालाही कुठं अडवायचं नाही, याची यादी आहे. दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव, स्नानघाट आहेत. आणि त्यात रस्ते आहेत. चक्क रस्ते. जगातल्या किती देशांच्या संविधानांना असं लिहावं लागलं असेल, मला माहीत नाही. आपल्याला लिहावं लागलं, कारण आपल्याकडे रस्ता हा कधीच नुसता रस्ता नव्हता.

पेशवाईतल्या पुण्याचं वेगळं सांगायला नको, गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्रावणकोरात १८९३ साली अय्यंकाली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून गेले, तेव्हा ते बंड ठरलं. बैलगाडीत बसणं हे बंड! वायकोमचा सत्याग्रह ३० मार्च १९२४ ला सुरू झाला तो मंदिरात जाण्यासाठी नव्हता, मंदिराच्या भोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावं यासाठी होता. वीस महिने तो चालला. शेवटी तीन बाजूंचे रस्ते उघडले आणि चौथा सवर्णांसाठी राखून ठेवला. तडजोड म्हणतात ती ही.

आज इथून खाली उतरून बल्लारी रस्त्यावर गेलात तर तुम्हाला कुणी जात विचारणार नाही. कलम १५ नं तेवढं काम केलं आहे. पण रस्ता वापरण्याचा हक्क ही एक गोष्ट, आणि रस्ता कसा असावा हे ठरवण्याचा हक्क ही दुसरी. पहिला आपल्याला १९५० साली मिळाला. दुसऱ्याचं काय झालं, ते बघायला हेब्बाळसारखी जागा शोधून सापडणार नाही.

तुमच्यातले बरेचजण कृषी विद्यापीठात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आलेत, काहीजण मान्यता टेक पार्कमध्ये नोकरीला आहेत. तुम्ही हेब्बाळचा उड्डाणपूल रोज बघता, म्हणून त्याची कुळकथा थोडक्यात सांगते. इथं बल्लारी रस्ता आणि बाह्य वळण रस्ता एकमेकांना भेटतात. पूल २००३ मध्ये झाला. मग २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचं विमानतळ सुरू झालं आणि शहरातून विमानतळाकडे जाणारी सगळी वर्दळ या एका गळ्यातून जायला लागली. तेव्हापासून हेब्बाळ म्हणजे अडकणं. आणि तेव्हापासूनच हेब्बाळवर उपाय काढणं हा बंगळुरूतला एक कायमचा उद्योग आहे.

त्यातला सगळ्यात गाजलेला उपाय २०१६ चा. बसवेश्वर सर्कलपासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल. लांबी ६.७ किलोमीटर, खर्च १,७९१ कोटी रुपये, आणि त्यासाठी तोडायची झाडं ८१२. आता एवढा मोठा निर्णय घेताना लोकांना विचारलं होतं का? तर हो, विचारलं होतं. बंगळुरू विकास प्राधिकरणानं संकेतस्थळावर सूचना टाकून मतं मागवली होती. ई-मेल आले तीनशेपेक्षा कमी. आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना पूल हवा आहे, असं सरकारनं सांगितलं. २०११ च्या जनगणनेतच ज्या शहराची लोकसंख्या ८४ लाखांवर होती, त्या शहराचं मत तीनशे ई-मेलांत मावलं.

लोक चिडले. १६ ऑक्टोबर २०१६ च्या रविवारी हजारो लोकांनी या रस्त्यावर मानवी साखळी केली. ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’, म्हणजे पोलादी पूल नको. सिटिझन्स फॉर बेंगळुरू नावाच्या मंचानं ती मोहीम उभी केली होती. त्याच महिन्याच्या अखेरीला हरित लवादानं कामाला स्थगिती दिली, आणि २ मार्च २०१७ ला सरकारनं प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं.

या विजयाबद्दल आपल्या लोकांत मी दोन प्रकारची बोलणी ऐकते. एक म्हणजे, वा, नागरिकांची ताकद. दुसरं म्हणजे, हे सगळं झाडांवर प्रेम करणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या उच्चवर्णीयांचं चाललंय, आपला काय संबंध. मला दोन्ही पटत नाहीत. तो प्रकल्प थांबला हे चांगलंच झालं आणि ज्यांनी थांबवला त्यांचे उपकार मानायला आपल्याला कमीपणा वाटायचं कारण नाही. त्याच लोकांनी नंतर ‘चुकुबुकु बेकु’ म्हणत उपनगरी रेल्वे मागितली, आणि रेल्वेचा फायदा गाडी नसलेल्याला आधी होतो. पण त्या साखळीत कोण नव्हतं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. बल्लारी रस्ता पहाटे झाडणाऱ्या पौरकार्मिक महिला साखळीत होत्या का? हेब्बाळच्या थांब्यावर भाजी, फुलं, चहा विकणारे होते का? नागवार-थनिसंद्रा बाजूला निळ्या ताडपत्रीखाली राहणारे, कलबुर्गी-रायचूर-यादगीरहून आलेले बांधकाम मजूर होते का? काहीजण असतीलही. पण त्यांचं म्हणणं म्हणून काही नोंदवलं गेलं नाही. ‘नको’ म्हणणाऱ्यांत ते नव्हते, आणि ‘हवा’ म्हणणाऱ्या ई-मेलांत तर नव्हतेच. दोन्ही बाजूंनी जे लोक शहराच्या वतीनं बोलत होते, ते एकाच सोसायटीतले शेजारी असू शकले असते.

म्हणून मग काय झालं? पूल गेला, पण रस्त्याचा प्रश्न कुणाचा आहे हे ठरलंच नाही. आठ-नऊ वर्षांनी तोच रस्ता पुन्हा पुढं आला आहे, या वेळी जमिनीखालून. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सुमारे १७ किलोमीटरचा जुळा बोगदा, खर्च सतरा हजार कोटींहून जास्त. प्रस्तावानुसार त्यात टोल भरावा लागेल आणि दुचाकीला प्रवेश नसेल. लालबागच्या जमिनीवरून लोक या वर्षी पुन्हा रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेलं. दरम्यान ऑगस्टमध्ये हेब्बाळच्या पुलाला नवा लूप जोडला गेला. मेट्रोची एक मार्गिका विमानतळाकडे जाताना इथून जाणार आहे, दुसरी सर्जापूरहून इथं येऊन थांबणार आहे. उपनगरी रेल्वेचाही एक मार्ग इथूनच. एवढं सगळं एका चौकात. आणि या सगळ्याचा एकत्र विचार करून, तुम्हाला इथं काय हवंय, असं चौकातल्या माणसाला एकदाही कुणी विचारलेलं नाही. प्रत्येक प्रकल्पाचं कार्यालय वेगळं, नकाशा वेगळा, आणि सल्लामसलत म्हणजे वरातीमागून घोडं.

बोगद्याच्या अहवालाची एक गंमत मराठी माणसांच्या बैठकीत सांगितलीच पाहिजे. बंगळुरूच्या बोगद्याच्या त्या सविस्तर अहवालात मालेगाव आणि नाशिकचे उल्लेख निघाले. महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी कामाचा मजकूर उचलून इथं चिकटवला होता. ओरड झाल्यावर सल्लागार कंपनीला दंड झाला. आपण इतकी वर्षं म्हणतोय, कर्नाटकात मराठीला स्थान मिळावं. मिळालं!

हसून झालं असेल तर हे बघा, की असं होऊ का शकतं. ज्या रस्त्याचा अहवाल, त्या रस्त्यावर कुणी उभंच राहिलेलं नसेल तर मालेगाव काय आणि हेब्बाळ काय, दोन्ही आकड्यांचे तक्तेच. मी वाहतूक मोजणीच्या कामात आहे, म्हणून या तक्त्यांबद्दल जरा सविस्तर बोलते. आज मला खरं सांगायचंय ते हेच.

रस्त्यावर किती वाहतूक आहे हे मोजताना प्रत्येक वाहनाला एक वजन देतात. त्याला पीसीयू म्हणतात, पॅसेंजर कार युनिट. म्हणजे एकक कोण? कार. कार बरोबर एक. बाकी सगळे तिच्या तुलनेत. इंडियन रोड्स काँग्रेसचं शहरी रस्त्यांसाठीचं १९९० चं कोष्टक आहे, त्यात दुचाकी अर्धी ते पाऊण, सायकल साधारण अर्धी, बस २.२ ते ३.७, आणि हातगाडी दोन ते तीन. आता बघा. साठ बायका भरलेली बीएमटीसीची बस म्हणजे तीन-साडेतीन कार. एकटा माणूस चालवत असलेली कार म्हणजे एक कार. बसमधल्या वीस बायका म्हणजे कारमधला एक साहेब, असा तो हिशोब पडतो. हातगाडीला दोन-तीन कारचं वजन मिळालंय ते मान म्हणून नाही, अडथळा म्हणून. ती जागा अडवते, हळू चालते. आणि पायी चालणारा माणूस? त्या कोष्टकात त्याला रकानाच नाही.

हे कोष्टक कुणी दुष्टपणानं केलेलं नाही, हे मी इंजिनीअर म्हणून सांगते. रस्त्यावर वाहनं किती मावतील एवढंच ते सांगतं आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. गडबड पुढं होते. त्या आकड्यावरून लोक ठरवायला लागतात की रस्ता कुणाचा. चौकाचा आकडा क्षमतेच्या वर गेला की अहवालात शिफारस येते : उड्डाणपूल, लूप, बोगदा. ज्या मोजणीत माणूसच नव्हता, तिच्यातून माणसासाठी काही निघणार कसं? पदपथाची शिफारस निघत नाही. बसथांब्याला छप्पर निघत नाही. रस्ता ओलांडायला जागा निघत नाही.

मोजणीच्या वेळाही बघा. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ, ही गर्दीची वेळ मानून त्यावर आखणी होते. पौरकार्मिक महिला सकाळी सहा-साडेसहाला हजेरीला पोचलेल्या असतात. घरकामाला जाणाऱ्या बायका सात-साडेसातला. त्यांचा रस्ता आपल्या ‘पीक अवर’च्या आधीच होऊन जातो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. हेब्बाळच्या थांब्यावर सकाळी कोण उभं असतं हे त्यानंतर किती बदललं, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. आखणीच्या कागदात ते मला अजून कुठं दिसलेलं नाही.

मग येतो तो लाडका शब्द, ‘रहिवासी’. स्थानिक रहिवाशांचा सहभाग घेतला, असं प्रत्येक अहवालात एक पान असतं. हे पान कसं तयार होतं? रहिवासी संघांना पत्र जातं. व्यापारी संघटनेला जातं. बैठक हॉटेलच्या सभागृहात, कामाच्या दिवशी सकाळी अकराला, सादरीकरण इंग्रजीत. प्रकल्पाचे कागद पाचशे पानांच्या पीडीएफमध्ये. जमलेले लोक चांगलेच असतात, त्यांच्या तक्रारीही खऱ्या असतात : आवाज, धूळ, पार्किंग. पण रहिवासी म्हणजे ज्याचा पत्ता आहे तो, अशी ती व्याख्या आहे. आणि पत्ता कुणाला असतो, कुठल्या गल्लीत असतो, भाड्याचं घर कुणाला मिळतं आणि नाव-आडनाव ऐकून कुणाला मिळत नाही, हे या खोलीत बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही. या शहरात खोली शोधताना तुम्ही जेवणात काय खाता, हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणांना विचारला गेला? बघा, हात वर आले. जो घर मिळवतानाच गाळला गेला, तो रस्त्याच्या बैठकीत आपोआप गाळला जातो. पुन्हा वेगळा भेदभाव करायची गरजच पडत नाही.

कायदा मात्र इतका आंधळा नाही, आणि हे आपल्याला माहीत असायला हवं, कारण आपण पदवीधर आहोत आणि आपल्या घरात कायदा वाचू शकणारी आपली पहिलीच पिढी आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, तिनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. कर्नाटकानं २०११ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून प्रभाग समितीत दहा नेमलेले सदस्य ठेवले : त्यात किमान दोन अनुसूचित जाती-जमातींचे, किमान तीन स्त्रिया, आणि दोन रहिवासी संघांचे. म्हणजे रहिवासी संघ हा दहातला दोन आहे. प्रत्यक्षात शहराचा आवाज म्हणून तो दहापैकी दहा होऊन बसतो. आणि ज्याच्या अध्यक्षतेखाली ही समिती बसायची, तो नगरसेवकच बंगळुरूत सप्टेंबर २०२० पासून नाही. निवडणूकच झालेली नाही. यंदा २ सप्टेंबरपासून एका महापालिकेच्या पाच झाल्या, तरी लोकप्रतिनिधींच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत. पाच वर्षं निवडून आलेलं सभागृह नसताना या शहरात हजारो कोटींचे रस्ते ठरले. लोकसहभागावर चर्चासत्रं घेणाऱ्यांनी आधी एवढ्या एका गोष्टीवर बोलावं.

पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा तर मला फार आवडतो. शहर विक्रेता समितीत ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून द्यायचे, त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र दिल्याशिवाय कुणालाही उठवायचं नाही. विक्रीच्या जागांचा आराखडा दर पाच वर्षांनी, समितीच्या शिफारशीनं. हा काही दयेचा कायदा नाही, हा आखणीचा कायदा आहे. रस्त्याच्या नियोजनात विक्रेत्याला मताचा अधिकार देणारा. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातही ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नाही. त्या जागेवर आधी तीन वर्षं काम करून पोट भरणारा मजूर, कूळ, कारागीरसुद्धा बाधित आहे. म्हणजे देशाच्या कायद्यानं पत्त्यापलीकडे जाऊन पोटापाण्याकडे बघितलंय. रस्ता आखणाऱ्यांनी अजून बघितलेलं नाही.

शहर नियोजनाच्या अभ्यासक्रमात शेरी अर्नस्टीन यांचा १९६९ चा एक लेख शिकवतात. लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, मधे माहिती देणं, विचारणं, समजूत काढणं, आणि वर गेलं की भागीदारी, शेवटी लोकांचं नियंत्रण. ती शिडी शिकताना मला ‘मूकनायक’ आठवला. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली, ज्याला शिडीच नाही. अर्नस्टीनबाई अमेरिकेत विचारत होत्या, तुम्ही लोकांना शिडीच्या कुठल्या पायरीवर उभं करता? आपला प्रश्न एक पायरी अलीकडचा आहे. आपल्या मजल्याला शिडी लागलीच नाही. वरच्या दोन मजल्यांनी आपापसात भागीदारी केली, तर तिलाही लोकसहभाग म्हणायची पद्धत पडली आहे.

लोकांना तांत्रिक गोष्टीतलं काय कळतं, असं माझे सहकारी म्हणतात. एक उदाहरण देते. हेब्बाळच्या पुलाखाली सेवारस्त्यावर पावसाळ्यात पाणी साचतं, हे वर्षानुवर्षं छापून येतं. तिथं झाडणाऱ्या एका अक्कांना मी सहज विचारलं. त्यांनी झाडूच्या दांड्यानं तीन जागा दाखवल्या. डांबराचे थर चढत गेले, गटाराची तोंडं निम्मी बुजली. त्यातल्या एकीत वरून चहाच्या टपरीचा गाळ येतो, दुसरीत पुलाचा पाइप थेट रस्त्यावरच सुटतो. पाणी कुठून येतं, किती वेळ थांबतं, कुठल्या बाजूनं उतरतं, हे त्यांना मिनिटांत सांगता येत होतं, कारण ते साचलेलं पाणी त्यांनाच लोटावं लागतं. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मला जेवढं समजलं तेवढं मी लिहून घेतलं. तुम्हाला हे कधी कुणी विचारलं का, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, साहेब लोक फोटो काढून जातात.

या पौरकार्मिक महिला बहुतांश दलित आहेत. त्यांनी जुलै २०२२ मध्ये संप केला, काम बंद ठेवलं, आणि नोकरी कायम करण्याची मागणी सरकारला ऐकायला लावली. यंदा १ मे रोजी बारा हजारांहून जास्त जणांना कायम नेमणुकीची पत्रं मिळाली. म्हणजे संघटित व्हायला आणि बोलायला त्यांना आपण शिकवायची गरज नाही. त्यांना रस्त्याच्या बैठकीचं बोलावणं येत नाही, एवढाच प्रश्न आहे. गटाराची झाकणं रस्त्याच्या मधोमध असावीत की पदपथाखाली, यंत्र तिथपर्यंत पोचेल का, की पुन्हा माणूसच उतरवला जाईल, हे रस्ता आखतानाच ठरतं. हा जातीचा प्रश्न आहे, आणि तो नकाशावर एका ठिपक्याच्या रूपात असतो.

सहभागानं खरंच फरक पडतो का? पडतो. मुंबईचं उदाहरण घ्या. विकास आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये आला, त्यात इतक्या चुका होत्या की हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मागं घ्यावा लागला. त्या काळात ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ या नावाखाली अनेक संस्था-संघटना वस्त्यावस्त्यांत नकाशे घेऊन बसल्या. लोकांना नकाशा वाचायला शिकवलं, हरकती मराठी-हिंदीत लिहून घेतल्या. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात बेघरांचे निवारे आणि नोकरदार स्त्रियांची वसतिगृहं यांच्यासाठी तरतूद आली. सगळं मिळालं असं नाही, आरक्षणं कागदावर राहतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण कागदावर असल्याशिवाय भांडायलाही काही नसतं. इथंही बेंगळुरू बस प्रयाणिकर वेदिकेसारखी संघटना बसप्रवाशांच्या बाजूनं वर्षानुवर्षं भाडं आणि फेऱ्यांचे प्रश्न मांडते आहे. आपल्याला शून्यापासून सुरुवात करायची नाही.

आता आपल्यातलाच एक आक्षेप. मागच्या वेळी इथल्या एका मित्रानं मला सुनावलं, ताई, आमच्या घरात आत्ता कुठं पहिली गाडी आली, आणि तुम्ही म्हणता रस्ता बसला द्या. आजवर त्यांनी गाड्या उडवल्या तेव्हा कुणी बोललं नाही. यातला राग मला कळतो. पहिल्या गाडीचा हप्ता काय असतो, आणि ती गावात नेऊन उभी केल्यावर आईच्या चेहऱ्यावर काय दिसतं, ते मलाही ठाऊक आहे. मी गाडी विका म्हणत नाही. पण हिशोब करा. आपल्या एका घरात गाडी आली, तेव्हा आपल्या भाऊबंदांतली किती घरं बसथांब्यावर आहेत? आणि टोलच्या बोगद्यातून जाणारी गाडी आपली असेल की आपल्या साहेबाची? गाडी घेतली म्हणून आपण ज्या थांब्यावरून इथवर आलो, त्या थांब्याबद्दल बोलणं सोडायचं असं कुठं ठरलंय?

आणखी एक, कन्नडबद्दल. आपण इथं मराठी मंडळ म्हणून जमतो, ते ठीक. पण या रस्त्यावर कष्ट करणारी माणसं कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू बोलतात. सीमाप्रश्नाचा वाद डोक्यात घेऊन कन्नड शिकायचं टाळणारा माणूस हेब्बाळच्या थांब्यावर कुणाच्याही कामाचा नाही. ‘बेडा’ आणि ‘बेकु’ हे दोन शब्द तर तुम्हाला येतातच. ‘नको’ म्हणायला लोक जमतात, ‘काय हवं’ हे विचारायला जरा जास्त शब्द लागतात. आणि एक लक्षात ठेवा, आपण त्यांचे प्रवक्ते व्हायला जायचं नाही. शिकलेला माणूस मधे बसला की हळूहळू तोच बोलायला लागतो, हे आपण आपल्या चळवळीत पुरेसं बघितलंय. आपण लेखनिक. त्यांनी सांगायचं, आपण लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि हरकत म्हणून त्यांच्या सहीनं किंवा अंगठ्यानं, पोच घेऊन, कार्यालयात द्यायची. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेली हरकत म्हणजे हवेत बोललेली गोष्ट.

तर काम असं आहे. येत्या दोन आठवड्यांत चार दिवस आपण हेब्बाळच्या थांब्यावर मोजणी करायची. गर्दीच्या वेळी नाही, पहाटे साडेपाच ते नऊ. तक्ता मी तयार केला आहे, प्रती दाराजवळ ठेवल्या आहेत. त्यात कार आहे, पण शेवटच्या रकान्यात. पहिला रकाना पायी चालणाऱ्यांचा, दुसरा बसमधून उतरणाऱ्यांचा, स्त्री-पुरुष वेगळे. मग रस्ता कुठून ओलांडला त्याच्या खुणा : खालून, दुभाजकावरून उडी मारून, की सिग्नलला थांबून. विक्रेत्यांची मोजणी करायची नाही, त्यांच्याशी बोलायचं. किती वर्षं बसता, प्रमाणपत्र मिळालं का, सर्वेक्षणाला कुणी आलं होतं का, पाणी आणि संडास कुठं. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. नाव सांगायचं नसेल तर लिहायचं नाही, विक्रेत्याला पोलिसाची भीती असते आणि ती खरी असते. पौरकार्मिक महिलांशी हजेरीच्या वेळी बोलायचं नाही, मुकादम बाजूला उभा असतो. काम संपल्यावर, त्यांनी सांगितलेल्या जागी.

आकडे जमले की आपण ते पाच पानांच्या आत मांडू, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. मेट्रो, महापालिका, वाहतूक पोलीस, बीएमटीसी, बोगद्याचं कार्यालय, सगळ्यांना एकच कागद, कारण चौक एकच आहे. त्याआधी ज्यांच्याशी बोललो त्यांना तो वाचून दाखवायचा. त्यांना पटला नाही तर बदलायचा.

नावं इथं वहीत लिहा. ज्यांना कन्नड येतं त्यांनी वेगळी खूण करा, प्रत्येक गटात एकजण तरी लागेल. वसतिगृहातल्या मुलींसाठी पहाटेच्या रिक्षाची सोय करावी लागेल, त्याची वर्गणी आत्ताच ठरवून टाकू. आणि आता प्रश्न असतील तर विचारा.